कठड्यातला फणसाचा तुकडा

शाळा मी दुसरीत सोडली. तेव्हा लिहिणंही जसं बोलतो तसंच येणार. पण आंब्याच्या पेट्या बोटीवर चढवणाऱ्या माझ्यासारख्या दलालाने तसल्या माडीत बिऱ्हाड केलेलं त्या काळी अख्ख्या रत्नागिरीत कोणी दाखवावं!

किल्ल्याच्या वाटेवर, जुन्या मोहल्ल्यात, एका मुसलमान शेटचा दुमजली बंगला होता. त्यांची गलबतं चालायची. खाली ते स्वतः राहत. वरचा मजला त्यांनी मुलासाठी हौसेने सजवला, पण मुलगा आफ्रिकेत दुकान टाकून तिथलाच झाला. माझा-त्यांचा बंदरावरचा घरोबा. म्हणाले, "बंद घर वाळवी खाते. तू येऊन राहा."

दिवाणखाना असा, की माझं गावचं घर त्यात ठेवलं असतं आणि भोवती बैल फिरवले असते. खाली फुलाफुलांच्या रंगीत लाद्या. खिडक्यांना लाल-निळ्या काचा. सकाळी बायको तांदूळ निवडायला बसली की सुपातले तांदूळ निळे व्हायचे. गॅलरीत उभं राहिलं की मिरकरवाडा बंदरातली शिडं दिसत. मी तिथे उभा राहून चहा प्यायचो, आणि रस्त्यावरून ओळखीचा गेला की मुद्दाम खोकायचो.

बायको मात्र रुळेना. ती आतल्या गावची. सारवायला जमीन नाही, अंगण नाही. एक दिवस म्हणाली, "घर देखणं आहे, पण देवाने पाहिलेलं नाही. शिमग्यात पालखी आपल्या दारात आली तर मी राहीन. नाहीतर मी चालले गावाला. तुम्ही बसा लाद्या पुसत." नुसतं बोलली नाही, ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पण माडीवरची माणसं खाली अंगणात उतरून ओटी भरत, तशी रीतच होती. मी मानकऱ्यांकडे गेलो. मानकरी म्हणजे पालखीचा मान ज्यांच्या घराण्याकडे ते म्हातारे.

"पालखी वर येणार," मी सांगितलं.

"अरे, कधी कुठल्या माडीवर गेली आहे का?"

"नाही ना? मग ही पहिली."

"जिना मापलास काय?"

"दोन्ही हात पसरून मापलाय. ऐसपैस आहे."

आणि जिना ऐसपैस होताच! ते मी आजही मागे घेणार नाही. फक्त तो मध्येच वळत होता.

पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल. शेट स्वतः दारात उभे राहून सगळ्यांना सरबत देत होते. भोई झोकात चढले आणि वळणावर अडकले. पालखीचा लांब दांडा पुढून भिंतीला टेकला, मागून कठड्यात रुतला. वर जाईना. खाली उतरावी तर उंबरा ओलांडून आलेला देव पाठमोरा न्यायचा नाही.

"घे! देवाला कोंडलास!" एक भोई ओरडला. "आता पुढच्या शिमग्यापर्यंत आम्हाला इथेच जेवू घाल!"

"घालीन की," मी म्हटलं. "पण पालखी खाली जाणार नाही."

"हा माणूस आहे की कातळ?"

वरच्या पायरीवर बायको ओटीचं ताट घेऊन उभी. नारळ, तांदूळ, खण. खाली यायला तिने पाऊल उचललं, तसा मी ओरडलो, "थांब! तू उतरायचं नाहीस!" ती थांबली. पण तिची नजर दाराशी ठेवलेल्या ट्रंकेकडे गेली, ती मी पाहिली. ढोलवाल्यांचेही हात थांबले.

तेवढ्यात शेट गर्दीतून वर आले. दांडा पाहिला, कठडा पाहिला. तो कठडा ब्रह्मदेशी सागवानाचा, वेलबुट्टीचा, मुलासाठी हौसेने करून घेतलेला. त्यांनी आपल्या गलबताच्या सुताराला हाक मारली.

"करवत आण रे. कठडा काप."

मानकरी दचकले. "शेटजी, एवढं सुंदर काम..."

"दारात आलेला पाहुणा लाकडासाठी परत पाठवू काय?" शेट म्हणाले. "काप!"

करवत चालली, कठड्याचा तुकडा निघाला, दांडा वळला. "व्हय म्हाराजा!" असा गजर झाला की काचा थरथरल्या. मग त्या लाद्यांवर पालखी नाचली. एवढी जागा भोयांना कुठल्या अंगणात मिळाली नव्हती, ते थांबेचनात. लाल-निळ्या उजेडात गुलाल उडत होता. बायकोने आपल्या उंबऱ्यात ओटी भरली, आणि लाद्यांवरचा गुलाल आठवडाभर कोणाला पुसू दिला नाही.

सुताराने मागाहून त्या जागी फणसाचा तुकडा बसवला. काळ्या सागवानात तो पिवळाधमक दिसे. आल्यागेल्याला वाटे, शेटला जोडीचं लाकूड मिळालं नाही. बायको जिना उतरताना नेमका त्या तुकड्यावर हात ठेवायची.

ट्रंक तिने त्याच संध्याकाळी रिकामी केली. मला म्हणाली, "पण जिना तुम्ही चुकीचाच मापलात."

मी म्हटलं, "जिनाच वाकडा होता."

यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.