शिंगाला बांधलेली फीत

पोळ्याला सजलेले बैल दिसले, की ती घटना आजही आठवते आणि सण कडू होतो.

मी तेव्हा वसमत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कुरुंद्याजवळच्या गावात एक म्हातारे ख्रिस्ती धर्मशिक्षक राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गावोगाव पायी फिरून त्यांनी जन्मभर चर्चची सेवा केली. त्याबद्दल थेट पोपकडून त्यांना संत ग्रेगरीच्या नावाचा ‘नाइट’ हा किताब आला होता. सोबत सोनेरी कडांचा लाल क्रॉस, पिवळ्या काठाच्या लाल फितीत ओवलेला. तोच घरातून चोरीला गेला.

मास्तर अंथरुणाला खिळलेले, म्हणून फिर्याद घ्यायला मी स्वतः गेलो. ते म्हणाले, “साहेब, नाइट मेला की त्याच्या शवपेटीपुढं क्रॉस उशीवर ठेवून नेतेत. माझे दिस भरले. तेवढा आणून द्या.”

नेहमीच्या भुरट्या चोरांना आणून विचारलं. हाती काही लागलं नाही. मग पोळ्याच्या बंदोबस्तावरून हवालदाराचा फोन आला, “साहेब, हितं एका बैलाच्या शिंगाला तसलीच फीत हाय.” चोर कितीही बेरकी असो, पोळ्याला घरातलं झगमगीत ते बैलाच्या अंगावर घातल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला राहवत नाही.

बैलवाला मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, चर्चमध्ये ढोलकी वाजवणारा. “बाजारात घावली,” म्हणत राहिला. कोणत्या बाजारात, कुणाकडून, हे विचारलं की उत्तर बदलायचा. शेवटी मी म्हणालो, “चल, मास्तरांपुढे सांग.” त्याने माझे पाय धरले. “तिकडं नका नेऊ साहेब! पोपनं धाडलं म्हंजी सोन्याचंच असंल, असं वाटलं मला.”

ओळख पटू नये म्हणून त्याने क्रॉस एका सोनाराकडून वितळवून घेतला होता. चांदीवर नुसतं सोन्याचं पाणी निघालं. आम्ही जप्त केला तो एक काळपट गोळा.

मास्तरांनी विचारलं, “कोन व्हता?” नाव सांगावंच लागलं. आढ्याकडे बघत ते म्हणाले,

“चोरी करू नको, ही देवाची आज्ञा त्याच्याकडनं मीच पाठ करून घेतली व्हती. मंग पोपनं किताब कशाबद्दल दिला मला?”

चारच दिवसांत मास्तर गेले. गोळा आणि फीत मुद्देमालात सीलबंद. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येईना. शवपेटीपुढे रिकामी उशी गेली.

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. चोर सापडला की फिर्यादीला न्याय मिळतो, असं मी तोवर मानत होतो. आता वाटतं, तो सापडला नसता तर मास्तर निदान नाइट म्हणून मेले असते.