तीस सेकंदांचा नमुना

काल शेजारच्या वामनरावांचा हात हवेतच थांबलेला पाहिला. तरुणपणी त्यांनी गायलेल्या भजनांची कॅसेट काढणारा गावातला छोटा कंपनीवाला त्यांच्या घरी आला होता. कंपनीची गाणी आता अठरा देशांतल्या ऑनलाइन दुकानांत विकायला लागली, हे सांगायला. त्यानं मोबाइलवर पहिलं भजन लावलं. आलापाबरोबर नेहमी उठतो तसा वामनरावांचा हात उठला, आणि थेट शब्दच सुरू झाले.

"आलाप कुठाय रे?"

"कापला, काका. गिऱ्हाइकाला नमुना म्हणून तीसच सेकंद ऐकू येतात. तेवढ्यात शब्द आले नाहीत तर लोक पुढं जातात."

मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. आज घड्याळ लावून मोजलं. आलाप एक मिनिट बारा सेकंदांचा आहे. आलाप म्हणजे गाण्याआधीचा रिकामा वेळ नव्हे. त्यात गाणारा सूर लावतो आणि ऐकणारा दिवसभराची कटकट खाली ठेवतो. हे बहात्तर सेकंद कुणाला विचारून कापले? दुकानानं कापा असं सांगितलेलंही नव्हतं. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या घाईला भिऊन आपल्याच माणसानं कात्री चालवली, याची मला जास्त चीड आहे. अठरा देशांत पोचलं म्हणतात, ते नेमकं काय पोचलं?

 काल गाणं संपल्यावर कंपनीवाल्यानं हौसेनं विचारलं, "कसं वाटलं, काका?"

"बरा गातोय," वामनराव म्हणाले. "कोण आहे हा?"