एकत्र वाढवलेल्या पेशी

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूच्या पेशी वाढवते. तळेगाव ढमढेऱ्यात आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे, त्यामुळं आईच्या लेखी मी इतकं शिकून पुन्हा ट्रेमध्ये रोपंच लावते. तिला मी कधी दुरुस्त केलं नाही. तिचं फारसं चुकतही नव्हतं.

काम असं. एका प्लेटीत नुसत्या चेतापेशी, दुसरीत त्यांच्यासोबत त्यांची देखभाल करणाऱ्या आधारपेशी. एकट्या ठेवलेल्या चेतापेशी काही दिवस जगतात, पण एकमेकींशी नीट जोडल्या जात नाहीत. आधारपेशी सोबत असल्या की जोडण्या वाढतात. इथपर्यंत सोपं. मग तिसऱ्या प्रकारच्या पेशी घालायच्या, साफसफाई करणाऱ्या. त्या मेलेलं उचलतात, आणि कधी कधी चांगल्या जोडण्याही खाऊन टाकतात. कधी सांभाळतील आणि कधी खातील, हे दोन वर्षं मोजूनही मला कळलेलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्यातच आप्पा, म्हणजे माझे वडील, विसरायला लागले. आधी खुरप्याला काय म्हणतात ते, मग थोरल्या बहिणीला कुठल्या गावी दिलंय ते. दौंडच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले. आप्पांनी वार सांगितला, महिना सांगितला. "बायकोचं नाव काय?" आप्पांनी शेजारी बसलेल्या आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. चाळीस वर्षांचा संसार, आणि आईचं नावसुद्धा पुसलं गेलं.

परतताना जीपमध्ये ते आईला काही सांगायला गेले, "ते हे... ते आपलं..." तिनं लगेच पुरवलं, "पाण्याची मोटार बंद केली का? केली." मला राग आला. दिवसभर हेच चाललं होतं. त्यांनी तोंड उघडायचा अवकाश, हिचा शब्द तयार. भर जीपमध्ये मी म्हणाले, "आई, तूच त्यांचे शब्द खाऊन टाकतेस."

"मंग काय त्यास्नी चाचपडत ठिवू?"

"ठेव. पंधराच दिवस."

प्लेटीत दिसलेलं मी घरात बघत होते आणि त्यालाच शास्त्र समजत होते. आप्पांना मी भांडगावला बहिणीकडं नेऊन सोडलं. आईनं जायचं नाही, फक्त रोज फोन करायचा, असं ठरवलं. पहिले चार दिवस बहीण खुशीत. आप्पा आपणहून बोलतात, चहा मागतात. पाचव्या दिवसापासून ते फोनवर नुसतं ऐकायला लागले. दहाव्या दिवशी जेवायला उठेनात. हे आई जवळ नसल्यानं झालं, नव्या घरानं झालं, की आजार असाच पुढं सरकणार होता? प्रयोगशाळेत प्रत्येक प्लेटीच्या जोडीला आणखी एक प्लेट असते, तिला काही करायचं नसतं, नुसतं ताडून बघायचं असतं. आप्पा एकच होते. मला आजही उत्तर सापडत नाही, आणि अपराधीपणा काही जात नाही.

बाराव्या दिवशी आईला घेऊन निघाले. चौफुल्याला गाडी बदलली, तिथं तिनं तोंड धुतलं, पदर नीट केला. मी दुसरीकडं बघत राहिले.

आप्पा बहिणीच्या ओट्यावर बसले होते. आई समोर जाऊन उभी राहिली. ते अदबीनं सरकले. "बसा बाई," म्हणाले. "हितं जरा जागा ठिवा मातुर. आमची कारभारीण येनार हाय."

बहीण तोंडाला पदर लावून आत गेली. आई मात्र त्यांच्या शेजारी बसली.

"कवा येनार?"

"आजच. तळेगावास्नं."

"नाव काय म्हनायचं त्यांचं?"

आप्पांनी कोणी ऐकत नाही ना, असं इकडंतिकडं बघितलं, तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्याकडं त्यांच्या पिढीतला माणूस बायकोचं नाव तिच्यासमोर, चारचौघांत घेत नाही. जन्मभर "आगं ए" नाहीतर "थोरलीची आई". दौंडला त्यांनी मान खाली घातली ती लाजून घातली होती. एवढी साधी गोष्ट, त्यांचीच लेक असून माझ्या डोक्यात आली नव्हती.

आता त्यांच्या समोर बायको नव्हती, परकी बाई होती. ते तिच्याकडं झुकले आणि हळूच नाव सांगितलं. पूर्ण, लग्नात ठेवलेलं. आईनं ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"चांगलं हाय नाव," ती म्हणाली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पर ती आल्यावर तिला सांगू नगा, म्या नाव घेतलं म्हून."