कोपरानं पाहिलेलं पाणी

पाय भाजला तेव्हा मला काहीच कळलं नाही. मोटारसायकलवर मागे बसलो होतो, साधी चप्पल घालून, आणि उजवा पाय सायलेन्सरला टेकला होता. सिग्नलला गाडी थांबली तसं चालवणाऱ्यानं विचारलं, "काय जळतंय रे?" मीही इकडंतिकडं बघितलं. जळत होतो मीच.

भीती भाजल्याची नव्हती, दुखलं नाही याची होती. त्या पायावर घोट्याच्या वर बरेच दिवस एक फिकट चट्टा होता. बुटामुळे असेल, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. आमच्या चंद्रपूरकडच्या गावात असा चट्टा असलेला एक माणूस नाल्यापलीकडे एकटा राहायचा. त्याचं जेवण लोक दगडावर ठेवून मागे सरायचे. लहानपणी मीही ठेवलं होतं, आणि पळालो होतो.

आठवीत शाळा सुटली आणि पुढे पुण्याला आलो. काचेच्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन झालो. राहायला वाघोलीत मावशींकडे. त्या नगरकडच्या, विधवा, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या. गावच्या पाळकसाहेबांच्या ओळखीनं त्यांनी बाहेरच्या खोलीत मला एक कॉट दिली होती.

भाजल्यापासून मी मोजे घालूनच झोपायला लागलो. मे महिना होता.

"बर्फ पडतो का रे तुमच्या चंद्रपुरात?" मावशी म्हणाल्या.

मी हसलो. पण जखमेला वास यायला लागला आणि एका संध्याकाळी त्या माझ्यासमोर फरशीवरच बसल्या. "मोजा काढ."

"काही नाही मावशी, साधं खरचटलंय."

"मंग दाखवायला काय जातंय?"

मी मोजा काढला. त्यांनी केरसुणीची एक काडी मोडली आणि तिचं टोक चट्ट्यावर टेकवलं. "लागतंय?"

"नाही."

"बरं." एवढंच. त्या उठल्या, हात धुऊन आत गेल्या. मी कॉटवर बसून भांड्यांचे आवाज ऐकत राहिलो. कुठलं ताट येतं याच्याकडे माझे कान लागले होते. ताट आलं ते रोजचंच, काठाला पोचा असलेलं. त्यांनी स्वतःचंही त्याच्याशेजारी मांडलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, कुष्ठरोग. तेच होतं. वर्षभर गोळ्या, म्हणाले, आणि सुरू केल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होत नाही. पाय रोज पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, जखम झालीय का ते डोळ्यांनी बघायचं, कारण पाय आपण होऊन सांगणार नाही. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल झाली आणि मी संडासातच भिंत धरून उभा राहिलो. गोळीचा रंग उतरतो, हे सांगितलेलं घाबरल्यामुळे डोक्यातून गेलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मावशी टब आणायच्या. पाणी पोळतंय की नाही हे माझ्या पायाला कळणार नव्हतं, म्हणून त्या आधी स्वतःचं कोपर पाण्यात बुडवायच्या आणि मग म्हणायच्या, "घाल."

त्यांची मुलगी कोथरूडला राहायची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. दर रविवारी उपासनेनंतर लहान मुलाला घेऊन यायची. नातवासाठी शेवयांची खीर ठरलेली. अशाच एका रविवारी तिनं तो टब बघितला आणि त्यातला माझा पाय. मुलाला उचलून ती आत गेली. मी पाय पुसून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. खिडकी उघडी होती.

"आई, हे काय चाललंय?"

"पाय धुतीय."

"ते दिसलं मला. डॉक्टर काय म्हणाले?"

"लागण व्हत न्हाई म्हणाले."

"मग त्यांनी त्यांच्या घरी का नाही ठेवून घेतलं त्याला?" ती पुढे म्हणाली, "मला रिस्क नकोय. तो इथे असेपर्यंत मी बाळाला आणणार नाही. आणि तूही तसेच हात घेऊन आमच्याकडे येऊ नकोस, प्लीज. काय ते तू ठरव."

मला तिचा राग आला नाही. नाल्यापलीकडे भाकरी ठेवून मी कसा पळालो होतो ते मला माहीत होतं. आता मावशी हाक मारतील, म्हणतील, बाबा, दुसरीकडे बघ. बॅगेत काय काय भरायचं ते मी मनात लावायलाही घेतलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मात्र पुढे सरकत नव्हतं.

"ठरवायचं काय त्यात," मावशींचा आवाज आला. "तुझं लेकरू तुझ्यापाशी हाय. ह्याचं हितं कोण हाय?"

त्यानंतर रविवारी खीर झाली नाही. नातवाची छोटी वाटी फडताळात पालथी पडून राहिली. कधीमधी फोन यायचा, मावशी तो कानाला घट्ट दाबून धरायच्या. माझी भीती गेली नाही, बदलली. मला काढतील याची नाही, काढलं असतं तरी त्यांचं चुकलं नसतं, याची. एकदा म्हणालो, "मावशी, मी बघतो कुठेतरी."

"बघ की. आदी पाय घाल, पाणी गार व्हतंय."

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाय धुण्याची उपासना असते. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे इथले, वाघोलीचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, फक्त उजवा. सगळे घरूनच घासून येतात आणि साहेब दरवर्षी म्हणतात, "माझ्यासाठी काही ठेवत जा रे." त्या वर्षी बारांत माझं नाव घेतलं. त्यांना काही माहीत नव्हतं. नाही म्हणायचं ते मी हो म्हणून बसलो.

बाकावर माझी पाळी आली. मी डावा पाय पुढे केला.

"उजवा, बाळा."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशी उठल्या. भर उपासनेत चालत आल्या, वाकल्या आणि साहेबांच्या घमेल्यात कोपर बुडवलं. "बघितलं, साहेब," म्हणाल्या. "चालंल." आणि मला, "घाल."

मी मोजा काढला. पुढच्या रांगेतल्यांना चट्टा दिसला, भाजल्याचा डागही. साहेबांचे हात क्षणभर थबकले, मग त्यांनी पाय धरला. पाणी चट्ट्यावरून ओघळलं. मला लागलं नाही, फक्त दिसलं.

गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी मोकळं केलं, त्यानंतर मुलगी मुलाला घेऊन आली. मी स्वयंपाकघराच्या दारामागेच थांबलो. तो उंच झाला होता. आजीला बघून आईच्या ओढणीमागे गेला आणि कोण म्हणून विचारायला लागला.

मावशींनी वाटी काढली, खिरीत बोट घालून गरम आहे का बघितलं. मग वाटी घेऊन फरशीवर बसल्या, त्याच्यापासून थोडं लांब. हाक मारली नाही. तो येईपर्यंत बसून राहिल्या.