टीव्हीच्या डावीकडचा काळोख

आमचा टीव्ही एकदम बिघडला नाही. आधी पडद्याच्या डाव्या कडेला एक करडी सावली आली. मग ती हळूहळू काळी होत आत सरकली. आवाज खणखणीत, उजवीकडचं चित्रही झकास; डावीकडे जो कोणी उभा असेल तो मात्र काळोखात. बातम्या देणारी बाई अर्धी दिसायची. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आम्ही कतारमध्ये, दोहाच्या अल थुमामा भागात राहतो. मी, नवरा आणि शाळेत जाणारी लेक. तो टीव्ही आम्ही नवा घेतलेला नव्हता. आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब कायमचं भारतात परत निघालं, त्यांच्याकडून उचलला होता. इथे घराघरातून असंच सामान फिरत असतं. जाणारे मागे ठेवून जातात, राहणारे घेतात, आणि राहणारेही मनाने अर्धे निघालेलेच असतात.

"अहो, घेऊन टाकू या ना नवा," मी अधूनमधून म्हणायचे.

"चालतोय ना? आणि पुढच्या वर्षी आपण परत जातोच आहोत. तिकडे गेलो की चांगला मोठा घेऊ."

हे पुढचं वर्ष मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकत होते. ते कारण कमी पडलं की नवरा दुसरं काढायचा. रमजानचा सेल येऊ दे. सेल आला की नवीन मॉडेल येऊ दे. दोहात फुटबॉलचा वर्ल्डकप भरला तेव्हा तर सगळ्या शहराने टीव्ही घेतले असतील, आम्ही सोडून. स्टेडियम आमच्या घरापासून जवळच. गोल झाला की आधी खिडकीतून आरडाओरडा ऐकू यायचा, आणि मग थोड्या वेळाने आमच्या टीव्हीवर तो गोल व्हायचा. तोही डावीकडच्या जाळ्यात झाला तर दिसायचाच नाही. नवरा म्हणायचा, "बघ, आपल्याला टीव्हीची गरज तरी आहे का? खिडकी उघडी ठेव."

त्यानंतरच्या थंडीत सासूबाई आल्या. त्या गुहागरजवळच्या गावी एकट्या राहतात. व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदाच इकडे येत होत्या. येण्याआधी काही महिने त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते उत्तम झालं होतं. विमानतळावरून घरी येताना त्या गाडीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून, आणि अरबी आली की "हे तुमचं तुम्ही वाचा" म्हणून सोडून देत.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांची मालिका लावून दिली. त्या पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग त्या हॉलमध्ये यायच्या बंद झाल्या.

"आई, मालिका लागली," मी हाक मारायचे.

"राहू दे गो. कंटाळा आलाय त्या मालिकेचा."

हे मला जरा खटकलं, कारण फोनवर त्याच मालिकेची गोष्ट त्या मला इत्थंभूत सांगायच्या. मग आणखी काहीबाही दिसायला लागलं. मी तांदूळ निवडायला दिले तर म्हणाल्या, "तूच बघ एकदा, माझ्याकडून खडा राहील." लेकीच्या युनिफॉर्मचं बटण लावायला सुई पुढे केली तर ती परत माझ्याच हातात दिली. गावाकडे दिवसभर हात चालू असलेली ही बाई इथे खोलीत नुसती बसून राहायला लागली. मला वाटलं, माझंच काही चुकलं असणार. सुनेला काय, आधी तेच वाटतं. मी बोललेलं सगळं आठवून पाहिलं. मग त्यांना आवडतात म्हणून घावणे केले. खाल्ले, छान झालेत म्हणाल्या आणि परत खोलीत गेल्या.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या शेजारी पलंगावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "आई, माझ्यावर रागावलात का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्यावर कशाला रागावू? माझंच नशीब." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऑपरेशन फुकट गेलं गो. डावीकडचं दिसायचं बंद झालंय. काळं काळं येतं. कुणाला सांगू नकोस. त्याच्या जिवाला घोर लागेल. गावी गेले की आमच्या डॉक्टरला दाखवीन."

मी घाबरले. सांगू नकोस म्हणाल्या तरी नवऱ्याला लगेच ऑफिसात फोन केला. तो हातातलं काम टाकून आला. चेहरा पांढराफटक. आईंना घेऊन आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात निघालो. सिग्नलला थांबला की तो मान वळवून मागच्या सीटवर आईकडे बघायचा.

डोळ्यांची डॉक्टर केरळची होती, हिंदी चांगलं बोलायची. तिने सासूबाईंना मशीनसमोर बसवलं, औषध घातलं, प्रकाश टाकून बघितलं, एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. सासूबाईंनी अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टरने मान हलवली.

"अम्मा, आँख तो बिलकुल ठीक है. अंधेरा कहाँ दिखता है?"

"डाव्या बाजूला," सासूबाईंनी हात करून दाखवलं. "इधर. सब काळा दिसता है."

"अभी दिखता है? मेरे चेहरे पर?"

"नाही. आप तो छान दिसते हो."

"खाने की थाली में?"

"नाही बा."

"फोन पर?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "फोन पे भी नाही."

"तो फिर कहाँ?"

"टीव्हीत," सासूबाई म्हणाल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्यानेच डॉक्टरला खाली मान घालून इंग्रजीत सांगितलं की आमचा टीव्हीच डावीकडून गेलेला आहे. डॉक्टरने तोंडावर हात ठेवला, पण तिचे खांदे हलत होते. सासूबाईंना काय झालं ते कळेना, म्हणून मी मराठीत नीट समजावून सांगितलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्हालाही तो काळोख दिसतो?"

"हो आई."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच."

"मग बोलत का नाही कुणी! तुम्ही तिघं गप बसून बघताय, मला वाटलं तुम्हाला सगळं नीट दिसतंय!"

गाडीत बसेपर्यंत नवऱ्याने हसू दाबलं, मग त्याला आवरेना. मलाही आवरेना. दुपारपासूनची धास्ती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"हसतोस काय? किती दिवस झाले त्याला असं होऊन?"

"झाले बरेच. पण आई, आम्ही पुढच्या वर्षी परत..."

"जाल तेव्हा जाल. तोवर काय अंधारात बसायचं?"

घराकडे जाणारं वळण आलं, पण नवरा वळला नाही. खालच्या किराणा दुकानात जाऊन जाऊन सासूबाईंनी दोन-चार अरबी शब्द उचलले होते. मॉलची पाटी दिसताच त्या म्हणाल्या, "यल्ला! चला!"

दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच रंगीत मासा एकाच वेळी पोहत होता. नवरा लगेच त्याच्या जुन्या चालीवर आला. हा घ्यावा की तो, यात काय जास्त आहे, महिनाभर थांबलो तर बरं पडेल का. विक्रेता त्याला रिमोट दाखवत होता. सासूबाई तोवर एकेका टीव्हीसमोर उभ्या राहत, डावा डोळा झाकून बघत, मग उजवा झाकून बघत, आणि पुढे जात. डॉक्टरने जसं त्यांना तपासलं तसंच त्या टीव्हीला तपासत होत्या. शेवटी एकासमोर थांबल्या.

"हा घ्या. याचे दोन्ही डोळे चांगले आहेत."

तोच घेतला. नवऱ्याच्या मनात होता त्यापेक्षा तो बराच मोठा निघाला. आमच्या टेबलावर मावेना, म्हणून भिंतीत ड्रिल मारून लावावा लागला. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन लावून गेला. लेक शाळेतून आली, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फायनली!"

संध्याकाळी सासूबाई समोरच्या सोफ्यावर मधोमध बसल्या. मालिका सुरू झाली. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "हिच्या तोंडाला किती थापलंय बघ! आणि ही सासू डावीकडे उभी राहून सगळं ऐकत होती होय? मला वाटलं, नुसता आवाजच येतोय."

सोडून दिलेले सगळे भाग त्यांना बघायचे होते. नवऱ्याने ते कसे काढायचे हे शिकवलं, आणि त्यांचा व्हिसाही आणखी एक महिना वाढवून घेतला. तांदूळ निवडायचं काम त्यांनी स्वतःहून परत घेतलं. लेकीच्या कपड्यांची सगळी बटणं तपासून झाली.

वरच्या मजल्यावर एक मल्याळी आजी अशाच मुलाकडे आलेल्या होत्या. लिफ्टमध्ये दोघींची नुसती हसण्यापुरती ओळख होती. एका दुपारी मी बाजारातून आले तर त्या आमच्या सोफ्यावर बसलेल्या. पुढ्यात चहा आणि केळ्याचे काप. सासूबाई त्यांना मालिका समजावून सांगत होत्या, आपल्या हिंदीत. त्या आजी मल्याळममध्ये काहीतरी उत्तर देत होत्या. दोघींना एकमेकींचं कळत असेल असं मला वाटलं नाही. पण खलनायिका दार ढकलून आत आली तशा दोघी एकदम तिच्यावर ओरडल्या, आणि सासूबाईंनी माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली, चहा आण म्हणून.