चुऱ्याचे गोळे

येरवड्यात सोजरबाईंची कोळशाची वखार आहे. पोत्यांच्या तळाशी उरलेला चुरा त्यांना फेकून द्यावा लागायचा. हाही कोळसाच, मग शेगडीत नीट पेटत का नाही, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मातीत कालवून वळलेले गोळे नुसतेच धुमसले. शेणातल्या गोळ्यांचा धूर झाला. एकदा साड्यांना लावायची खळ उरली, ती त्यांनी चुऱ्यात ओतली आणि गोळे गच्चीवर वाळवले. विश्रांतवाडीच्या इस्त्रीवाल्या साईनाथने ते आपल्या कोळशाच्या इस्त्रीत भरले. निखारा दुपारपर्यंत टिकला.

"मावशी, यात घातलंत तरी काय?"

"खळ."

"मग कपडे कडक होणारच!"

सोजरबाई खळखळून हसल्या. आता इतर वखारींचा चुराही त्या आणतात. सध्या गोळ्याला मधोमध भोक पाडलं तर काय होतं, ते बघताहेत.