मामांच्या नावाचा जंत

मामांच्या बोटांना दाब कळायचा. माशाच्या आतड्यातला पट्टकृमी हा जंत म्हणजे ओली शेवई. तो दोन काचांमध्ये ठेवून दोऱ्यानं बांधायचा आणि फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. दोरा सैल राहिला तर तो आकसतो, आवळला तर पसरतो. अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात हे नेमकं जमणारा माणूस एकच होता आणि तो दहावी नापास शिपाई होता. आम्ही पीएच.डी.वाले त्यांना मामा म्हणायचो आणि चहा आणायला पाठवायचो.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्री माशांच्या जंतांवर आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्रबंध ढिगानं. त्यासाठी आम्ही एसटीनं रत्नागिरी गाठायचो. माशाची आतडी कशाला मागता, असं तिथल्या कोळणीनं एकदा विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "आमचे सर ह्याच्यातलं बघून डॉक्टर होतेत."

अशाच एका फेरीत एकाच पाकट माशाच्या पोटात दोन कृमी सापडले. एक मामांनी बांधला, दुसरा मी, एसटीच्या घाईत. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या कृमीचं डोकं चांगलंच रुंद दिसलं, मान जवळजवळ नाहीच. नवी जात, असं मी जाहीर केलं. मामांनी दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या.

"नवा न्हाई, सर. ह्यो त्याचाच भाऊ हाय. तुमी काच लई दाबली."

माझी बढती एका शोधनिबंधावर अडली होती. मामांची काच मी कपाटात आत सारली आणि नव्या जातीसाठी मामांच्याच आडनावाला लॅटिन शेपूट लावलं. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले. मी मामांचं तोंड बंद करत होतो, एवढंच.

संस्थेनं मामांचा सत्कार ठेवला. अध्यक्ष जंतावर अर्धा तास बोलले आणि त्यात दोनदा जागतिक कीर्ती आली. मामा फेटा बांधून स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते. नंतर प्रयोगशाळेत शालीची घडी घालत ते म्हणाले, "गावाकडं नेकनूरला पोरं मला जंत म्हणतेत, त्याचं काई न्हाई. पण खोट्याला माझं नाव कावून दिलं, सर? खऱ्याला दिलं असतं तर मिरवलो असतो. तेवढं काढा."

एकदा छापलेलं नाव काढता येत नाही, असा नियम मी त्यांना समजावला. पण ही जात वेगळी नाही असं नव्यानं लिहून नाव देणाऱ्यालाच ते बाद ठरवता येतं, हे मात्र सांगितलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि काचा धुवायला घेतल्या. निवृत्तीपर्यंत तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दहाव्याला मी नेकनूरला गेलो. शोधनिबंधाचं पहिलं पान मुलानं चौकटीत घालून फोटोशेजारी लावलं होतं. वडिलांनी ते हयातीत कधी भिंतीवर लावू दिलं नाही, असं तो म्हणाला. मग सगळ्यांसमोर त्यानं विनंती केली, "सर, इंग्रजीत काय लिवलंय ते आमच्या माणसांना सांगा की."

मी उभा राहिलो. रुंद डोकं, आखूड मान, विज्ञानाला आजवर अज्ञात असलेली जात, सगळं मराठीत सांगितलं. लोकांनी हात जोडले. मी एका शब्दावरही अडखळलो नाही.